देणगीची पावती फाडल्यानंतर

(तृतीय वर्ष कला, इतिहास विशेष)

गेल्या श्रावणात आम्हा बारा विद्यार्थ्यांना ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बोलावण्यात आले आणि प्रत्येकाच्या हाती एकेक पावतीपुस्तक ठेवण्यात आले. मुलींच्या वसतिगृहाला अभ्यासिका नाही. रात्री नऊनंतर भोजनगृहातली टेबले पुसून आम्ही तिथेच वह्या उघडतो, हे या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. तेव्हा काम आमचेच होते आणि उत्साहही होता. एका पुस्तकात २५ पावत्या. दिवाळीपूर्वी सगळ्या फाडून आणायच्या, असा हुकूम.

दिवाळीला मी पुस्तक परत केले तेव्हा सात पावत्या फाटल्या होत्या. त्यांतली एक आईच्या नावाची आणि एक मामांच्या नावाची. म्हणजे माझी खरी कमाई पाचच. एका दुकानदारांनी गणपतीच्या वर्गणीची पावती काढून दाखवली, जणू एकदा देवाला दिले की विद्येचेही त्यातच आले. एक डॉक्टर म्हणाले, मोबाईलवर तो चौकोनी कोड पाठव, पाठवतो पैसे. मी पाठवला, पैसे आले नाहीत. यातले काहीच मला फारसे लागले नाही. लागले ते एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे बोलणे. त्यांनी मला ओसरीवर बसवले, पाणी दिले, आमचे पत्रक चष्मा लावून दोनदा वाचले आणि मग शांतपणे विचारले,

"तेरा वर्षांपूर्वी तुमच्या कॉलेजला मी पाच हजार एक रुपये दिले होते. हिच्या नावानं, पुस्तकांसाठी. त्याचं काय झालं, बाळ?"

मला ठाऊक नव्हते. तसे सांगितले.

"मग ते कळलं की ये," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

ही हकिकत मी आमच्या इतिहासाच्या सरांना सांगितली. ते हसले नाहीत. "धोंडो केशव कर्व्यांचं आत्मवृत्त वाचलंस का? नसलं तर वाच, आणि समाजसुधारणा बाजूला ठेवून नुसता पैसा कसा आला तेवढंच बघ," असे म्हणाले. प्रस्तुत लेख हा त्या वाचनातून आणि त्याच्या आजूबाजूच्या वाचनातून निघाला आहे. विद्यापीठांनी देणग्या कशा मिळवाव्यात, याचे परदेशात आता एक स्वतंत्र शास्त्रच झाले आहे. मोठमोठ्या विद्यापीठांत त्यासाठी पगारी माणसांचा वेगळा विभाग असतो. कोणता माजी विद्यार्थी कुठे आहे, काय करतो, त्याला कशात रस आहे, याच्या नोंदी तो विभाग ठेवतो. गोष्ट मुळात नवी नव्हे. अमेरिकेतील हार्वर्डला ते नाव मिळाले ते १६३८ साली मरताना आपली निम्मी मिळकत आणि सारी ग्रंथसंपदा त्या कॉलेजला देऊन गेलेल्या जॉन हार्वर्ड यांच्यामुळे. आणि पुढे पाचच वर्षांत, इंग्लंडातून पैसा मिळावा म्हणून, त्या कॉलेजची माहिती देणारे एक छापील पुस्तक लंडनमध्ये निघाले. तेव्हा पत्रक काढून पैसे मागण्याची आमची युक्ती पावणेचारशे वर्षांची जुनी आहे. पण मला उत्तर हवे होते ते त्या ओसरीवरच्या प्रश्नाचे, आणि त्यासाठी पुण्याबाहेरचे हिंगणे अधिक जवळचे वाटले.

हिंगण्याकडे वळण्यापूर्वी मुंबईचा एक प्रसंग ध्यानात घेऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, पण त्याला स्वतःचे छप्पर नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा वाहू लागला. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी पदवीदान सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि त्याच वर्षी मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढीच इच्छा. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, कापूस आणि शेअर कोसळले आणि प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला आणि आजही उभा आहे. सुबत्तेच्या दोन वर्षांत विद्यापीठाने हात पुढे केला नसता तर तो मनोरा झाला नसता. मात्र अशी लाट शंभर वर्षांत एखादी येते, आणि ती मुंबईला येते. तालुक्याच्या गावाला येत नाही.

पुण्यात लाट नव्हती. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. महादेव बल्लाळ नामजोशी यांनी संस्थानिकांचे दरवाजे ठोठावले. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव कॉलेजला दिले, हाही निधी जमवण्यातला एक व्यवहारच होता. पण लोकांचा विश्वास बसला तो नावामुळे नव्हे. तिथले आजीव सभासद दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याची शपथ घेत होते, म्हणून बसला. दुसऱ्याकडे मागण्यापूर्वी मागणाऱ्याने आपले काय दिले, हे देणाऱ्याला दिसत होते. (याच त्यागाचा हिशेब किती काटेकोर असावा, सभासदांनी बाहेर मिळकत करावी की नाही, यावरून वाद झाले आणि टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले. त्यागाचेही ऑडिट होत असे, तो काळ!)

याच फर्ग्युसनमध्ये १८९१ साली गणित शिकवायला कर्वे आले. स्वभावाने अत्यंत संकोची, वक्तृत्व बेताचे. देणगी मागायला निवड करायची तर अशा माणसाची कोणी करणार नाही. तरी मागण्याचे शिक्षण त्यांना आधी गावाने दिले होते. मुरुडच्या लोकांनी आपापल्या मिळकतीतून लहानसा वाटा गावासाठी काढून ठेवावा म्हणून त्यांनी ‘मुरुड फंड’ चालवला होता. पुढे १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, विवाह केला तेव्हा त्याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्यांच्याकडून पै पै गोळा केली त्यांच्याच अंगणात उभे राहण्याची बंदी झाली. असा माणूस तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, पुन्हा झोळी घेऊन निघतो, या वेळी अनाथ बालिकाश्रमासाठी, आणि झोळीत पहिले एक हजार रुपये स्वतःच्या शिलकीतले टाकतो. आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे करून देतो.

१९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले. त्यावर झोपडीवजा इमारत उभी राहिली. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवीत आणि संध्याकाळी सामानाचे गाठोडे घेऊन पायी हिंगण्याला जात. येथे मला थोडे थांबावेसे वाटते. आज आपण ‘देणगीदारांना संस्था दाखवली पाहिजे’ असे म्हणतो, म्हणजे वर्षातून एकदा रांगोळी काढतो. कर्व्यांकडे दाखवायला रांगोळी नव्हती. शहरातून हिंगण्याकडे चाललेला, गाठोडे घेतलेला प्रोफेसर लोकांना रोज रस्त्यावर दिसत होता. आजच्या भाषेत याला प्रसिद्धी म्हणतात की नाही मला ठाऊक नाही. पण ती फुकटची होती आणि खोटी नव्हती.

मात्र कर्व्यांच्या निधीचा इतिहास नुसता गोड नाही. देणगीदार सांभाळायचे तर काही सोडावेही लागते. विधवाविवाहोत्तेजक मंडळीचे काम कर्वेच करीत होते आणि आश्रमही तेच चालवीत होते. साहजिकच लोकांना शंका की आश्रमात मुलगी पाठवली की तिचे लग्न लावून देतील. कर्व्यांनी पुनर्विवाहाच्या कामातून अंग काढून घेतले आणि आश्रम हे केवळ शिक्षणाचे ठिकाण, असे स्पष्ट केले. काही सुधारकांना ही माघार वाटली. मलाही प्रथम वाटली. स्वतः विधवेशी विवाह केलेल्या माणसाने वर्गणीदारांच्या भीतीने हे करावे? पण आश्रमात मुली येत राहिल्या आणि शिकल्या, हेही खरे. या प्रश्नाला मला निकाल देता येत नाही. एवढे मात्र कळले की देणगी ही कधीच नुसती रक्कम नसते. देणाऱ्याचे मतही तिच्याबरोबर दारातून आत येते, आणि ते किती आत येऊ द्यायचे हे आधी ठरवावे लागते.

आता ज्या बाईंमुळे मला पावतीपुस्तकाची लाज वाटेनाशी झाली, त्यांच्याविषयी. पार्वतीबाई आठवले या कर्व्यांच्या पत्नीच्या, आनंदीबाईंच्या, भगिनी. विसाव्या वर्षी वैधव्य आले तेव्हा अक्षरओळख नव्हती. पुण्यात येऊन शिकल्या, आश्रमात काम करू लागल्या आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करणे हेच त्यांचे मुख्य काम झाले. केशवपन केलेली, लाल अलवणातली विधवा सभेत उभी राहून विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागते, हे दृश्य त्या काळी काय असेल याची कल्पना करून पाहावी. ज्या स्त्रीचे दर्शन कार्याला जाताना अशुभ मानीत, ती दारात येऊन पहिले वाक्य उच्चारीत होती! १९१२ साली त्यांनी स्वतः विचार करून केस वाढवले. जुन्या मताचे देणगीदार दुरावतील, ही भीती तेव्हाही असणारच.

१९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी जेमतेम येत असताना त्या अमेरिकेला निघाल्या. हेतू दोन: इंग्रजी शिकणे आणि संस्थेसाठी मदत मिळवणे. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले. १९२० मध्ये परतल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सर्व लिहिले आहे. पुस्तक १९२८ चे. आपल्या ग्रंथालयात असले तर जरूर वाचावे, नसले तर ते आणण्यासाठी एखादी पावती फाडावी. वाचताना मला सारखे जाणवत होते की ही बाई मदत मागताना स्वतःला लहान करून घेत नाही. मी मात्र प्रत्येक दारात ‘कॉलेजनं पाठवलंय’ असे म्हणत होते, म्हणजे मागणारी मी नव्हेच. जिची ती अभ्यासिका, जी रात्री भोजनगृहात डाळीच्या वासात इतिहास वाचते, ती मीच. हे एकाही दारात मी सांगितले नव्हते.

हिंगण्याच्या संस्थेने पुढे काढलेली भाऊबीज निधीची योजना अनेकांनी ऐकली असेल. सुमारे शंभर वर्षांपूर्वी ती सुरू झाली. भावाने बहिणीला ओवाळणी द्यायची हा घरोघरचा रिवाज. तोच धरून कार्यकर्ते दारोदार जाऊ लागले की तुमच्या बहिणी हिंगण्याला शिकत आहेत, त्यांचीही ओवाळणी घाला. यातील शहाणपण पाहा. रक्कम लहान, त्यामुळे नाही म्हणायला जड. दिवस ठरलेला, त्यामुळे दर वर्षी आठवण करून देणे उद्धटपणाचे नाही, उलट न गेल्यास चुकल्यासारखे वाटावे. आणि नाते असे की पुढल्या वर्षी भाऊ स्वतःच विचारणार, बहिणीचे कसे काय चालले आहे? एकरकमी देणगी मागणाऱ्याला हे सुख नाही. तो एकदा येतो आणि दात्याला पुन्हा दिसतो तो पुढच्या इमारतीच्या वेळी. आमचे कॉलेज, क्षमा करा, याच जातीचे आहे.

कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले त्यात याहून धीट कल्पना होती. बनारसच्या शिवप्रसाद गुप्तांनी जपानमधील महिला विद्यापीठाची पुस्तिका त्यांना धाडली होती. ती प्रथम बाजूला पडली आणि पुढे सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदाच्या भाषणाची तयारी करताना नीट वाचली गेली. सरकारची सनद नाही, अनुदान नाही. मग विद्यापीठ चालवणार कोण? कर्व्यांनी वार्षिक वर्गणी देणाऱ्यांचे मतदारसंघच केले. वर्गणीदार मत देणार आणि विद्यापीठाच्या सभेवर माणसे निवडून पाठवणार. म्हणजे थोडे रुपये देणारा एखाद्या दूरच्या गावचा पदवीधरही या विद्यापीठाचा नागरिक झाला. त्याला अहवाल पाठवावाच लागणार, कारण तो मतदार आहे. देणगीदाराला ‘आपलेसे करणे’ यावर आज पुस्तके लिहिली जातात. पण त्याला मत देऊन टाकण्याइतके आपलेसे क्वचितच कोणी केले असेल. डॉ. रा. गो. भांडारकरांसारखे कुलपती लाभले तरी विद्यार्थिनी सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९२१ मध्ये पहिल्या पाच पदवीधर झाल्या. पाच पदव्यांसाठी एवढा खटाटोप, असे म्हणणारे तेव्हाही असतील.

आणि मग मोठी देणगी आली. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी पत्नीसह जपानला गेले होते. कर्व्यांनी ज्याची पुस्तिका वाचली तेच महिला विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. परत आल्यावर १९२० साली त्यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. दरसाल ५२,५०० रुपये विद्यापीठाला मिळायचे, म्हणजे मुदलावर साडेतीन टक्के. सर विठ्ठलदासांच्या आईंचे नाव विद्यापीठाला मिळाले: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज आपण सगळे चार इंग्रजी अक्षरांत ते नाव उरकतो आणि त्या अक्षरांमागे कुणाची तरी आई आहे हे विसरतो. मीही विसरले होते.

पैशाबरोबर अटी होत्या. सर विठ्ठलदास १९२२ मध्ये वारले आणि पुढे त्यांचे विश्वस्त व विद्यापीठ यांच्यात मतभेद झाले. हयात दात्याशी बोलून गोष्टी सुटतात. मृत दात्याच्या कागदाशी बोलता येत नाही. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईला गेले. कर्व्यांच्या मनात काय आले असेल? आपण त्यांच्याकडे पाहतो ते भारतरत्न आणि शताब्दी पाहिलेले महर्षी म्हणून, पण त्या वेळी ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक होते आणि त्यांनी उभे केलेले विद्यापीठ गावातून निघाले होते. त्यांनी काय केले ते मात्र ठाऊक आहे. त्याच १९३६ साली त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले, आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून दरमहा वाटा त्याला लावला आणि पुन्हा किरकोळ वर्गण्या गोळा करायला दारोदार हिंडू लागले. त्याआधी १९२९ पासून तीन वर्षांत युरोप, अमेरिका, जपान आणि मग आफ्रिका असा प्रवास करून झाला होता. आफ्रिकेत तर पंधरा महिने तेथील हिंदी लोकांत फिरून त्यांनी विद्यापीठासाठी पैसा जमवला. पंधरा लाखांचा दाता लाभल्यानंतरही हा माणूस लहान वर्गणीदार सोडायला तयार नव्हता, याचा अर्थ मला हळूहळू लागला. ज्याच्यामागे हजार लहान देणारे आहेत, त्याला एका मोठ्या देणाऱ्यापुढे मान वर करून बोलता येते.

साताऱ्याला याचेच दुसरे रूप दिसते. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी खेड्यापाड्यांतून धान्य गोळा केले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने दिले. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. या कॉलेजाचे नाव बदलले तर मोठी देणगी देतो असे एका धनिकाने सांगितले आणि भाऊरावांनी, वेळ पडल्यास बापाचे नाव बदलेन पण कॉलेजाचे नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले, ही आठवण आजही सांगितली जाते. उत्तर बाणेदार आहेच. पण ते परवडले कशामुळे, हा प्रश्न आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असून विचारत नाही. मूठमूठ धान्य देणाऱ्या गावांच्या जिवावर ते परवडले. कर्व्यांनी आईचे नाव स्वीकारले आणि भाऊरावांनी नाव नाकारले. यांत एक मोठा आणि दुसरा छोटा असे मला म्हणवत नाही. १९२० साली कर्व्यांसमोर पाच मुलींचे विद्यापीठ बंद पडण्याची भीती होती.

आजच्या काळातही मोठी देणगी अचानक पडत नाही. आय. आय. टी. मुंबईचे माजी विद्यार्थी नंदन नीलेकणी यांनी २०२३ साली, तेथे प्रवेश घेतल्याला पन्नास वर्षे झाल्यानिमित्त, ३१५ कोटी रुपये दिले. वर्तमानपत्रांनी आकडा मोठ्या टाइपात छापला. बारीक टाइपात हेही होते की यापूर्वी वेळोवेळी त्यांनी ८५ कोटी दिलेच होते. म्हणजे हे नाते आधीपासून चालत आले होते. आपल्या कॉलेजातून कोणी नीलेकणी बाहेर पडले नसतील. पण ग्रामसेवक, शिक्षिका, बँकेतले कारकून, एस.टी.चे वाहक, कितीतरी पडले. त्यांचा पत्ता कुणाकडे आहे? नॅकची समिती यायच्या आधी दोन महिने माजी विद्यार्थ्यांची यादी तयार करतात, समिती गेली की यादी कपाटात जाते. प्राध्यापक मंडळींना हे वाचून राग येईल, पण यादी मीच टंकित केली होती, तेव्हा मला बोलायचा थोडा हक्क आहे.

असो. अखेर त्या पाच हजार एक रुपयांकडे येते. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत मी आठवडाभर शोधले. देणगीदाराचे नाव कुठेच नव्हते. ‘मिळाल्याचे साधन’ या रकान्यात नुसते ‘देणगी’. शेवटी ग्रंथपाल मॅडमनी जुन्या बिलांचा गठ्ठा काढला आणि तारखेवरून पत्ता लागला. गुरुजींच्या पैशांतून ३८ पुस्तके आली होती. ३१ कपाटात सापडली, चार विद्यार्थ्यांकडे होती, तीन गहाळ. एकावरही गुरुजींच्या पत्नीचे नाव नव्हते. मॅडमनी आणि मी दोन दुपारी बसून सापडलेल्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर शाईने ते नाव घातले. मग अडतीसही पुस्तकांची यादी केली, कोणते पुस्तक आजवर किती वेळा घरी गेले तो आकडा समोर लिहिला, गहाळ झालेल्या तीनांपुढे ‘गहाळ’ असेच लिहिले, आणि यादी घेऊन मी पुन्हा त्या ओसरीवर गेले. पावतीपुस्तक पिशवीतच ठेवले होते.

गुरुजींनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. बोट एकेका ओळीवरून फिरत होते. गहाळ या शब्दाशी थांबले, पुढे गेले.

"यातलं तू काय वाचलंस?"

"दोन, गुरुजी."

"बरं." मग त्यांनी बिलाची बेरीज पाहिली. "चार हजार नऊशे चाळीस. म्हणजे एकसष्ट रुपये उरले."

"हो."

"ते कुठं गेले?"

मी म्हटले, बघते. ते म्हणाले, "बघ. माझी पेन्शन पाच तारखेपर्यंत जमा होते. त्यानंतर कधीही ये, पण एकसष्ट रुपयांचं कळल्यावर."

कार्यालयातील भाऊसाहेबांनी त्या वर्षाची कीर्द माळ्यावरून काढून देण्याचे कबूल केले आहे.